वाचक विचारतात: गर्डर, काजू आणि ब्राझीलमधली ती बाग

मागच्या अंकात मी इन्योतिमबद्दल दोन पानं लिहिली होती (तिकडचे लोक इन्योचिं म्हणतात), त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात, बेलो ओरिझोन्ते शहरापासून साधारण 60 किलोमीटरवर ब्रुमाजिन्यो नावाचं गाव आहे, तिथे बेर्नार्दो पाझ नावाच्या खाण उद्योजकाने ही बाग उभी केली, 2006 मध्ये ती सगळ्यांसाठी उघडली आणि 2010 मध्ये तिला बोटॅनिकल गार्डनची मान्यता मिळाली. फिरायला मोकळा भाग 140 हेक्टर म्हणजे जवळपास साडेतीनशे एकर, झाडांच्या जाती 4 हजारांच्या वर, आणि त्या झाडांमधेमधे, तळ्याकाठी, टेकड्यांवर आजच्या काळातल्या कलाकारांची शिल्पं.

ताई, मी भोसरीत 31 वर्षं फॅब्रिकेशनचं शॉप चालवलं. तुमच्या लेखातला तो गर्डरचा फोटो बघितला. जुने आय-सेक्शन क्रेनने उचलून ओल्या काँक्रीटमध्ये सोडून दिले आणि त्याला शिल्प म्हणायचं? आमच्याकडे असं झालं असतं तर सेफ्टीवाल्याने साईट बंद केली असती. खरं सांगा, यात कला कुठे आहे? - एक वाचक, चिंचवड

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण त्या टेकडीवर चढताना माझ्याही मनात नेमकं हेच होतं.

आधी काम काय आहे ते नीट सांगते. कलाकार ख्रिस बर्डन, अमेरिकन, 2015 मध्ये गेले. 2008 मध्ये इथे त्यांनी ओल्या काँक्रीटचा मोठा हौद भरून घेतला आणि 45 मीटर उंच क्रेनवरून, म्हणजे पंधरा मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून म्हणा ना, एकेक करत 71 गर्डर त्यात सोडले, 12 तास हे चाललं होतं. काही सरळ घुसले, काही तिरके, काही आधीच्यावर आपटून वाकले, आणि काँक्रीट सेट झाल्यावर जे जसं होतं ते तसंच राहिलं. हाच प्रयोग त्यांनी 1984 मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका पार्कमध्ये केलेला, तो 1987 मध्ये पाडून टाकला, त्यामुळे इन्योतिमचं हे म्हणजे त्याचा दुसरा जन्मच.

आता तुमचा प्रश्न. हे बघा, जोडकामाची, फिनिशिंगची कारागिरी यात नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि मी ते उगाच खोडून काढणार नाही. कारागिरीच बघायची तर त्याच बागेत इटलीच्या ज्युसेप्पे पेनोनेंचं ब्राँझमध्ये ओतलेलं चेस्टनटचं झाड आहे, जमिनीपासून वर उचललेलं, मुळं अधांतरी, सालीवरच्या भेगा अशा की हात लावल्याशिवाय धातू आहे हे पटत नाही, आणि भोवती खरी झाडं लावलीत ती वाढत वाढत त्या धातूच्या झाडाला कवेत घेतायत. ते बघून तुम्ही मान डोलावाल याची मला खात्री आहे.

पण गर्डरपाशी मी जास्त वेळ थांबले. लांबून ते भाताच्या खाचरात कुणी रागाने काठ्या रोवल्यात असं दिसतं, आणि जवळ गेलं की प्रत्येकाचं काहीतरी वेगळं दिसायला लागतं, एकाला बोल्टची भोकं एका ओळीत, एकाच्या पायाशी गंजाचा ओघळ काँक्रीटवर उतरून पानातल्या कातासारखा लाल डाग पडलेला. मिनास जेराइस या नावातच खाणी आहेत, तिथला डोंगर म्हणजे लोहखनिज, माती आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गासारखी तांबडी. त्या मातीतून लोखंड काढायचं, वितळवायचं, गर्डर करायचे, आणि मग एक माणूस क्रेन लावून ते लोखंड परत त्याच मातीत सोडतो. हा अर्थ तिथे बोर्डावर लिहिलेला नाही हां, मला तिथे उभं राहून वाटला तो सांगतेय. कुठला गर्डर कुठे पडणार, किती वाकणार, हे बर्डनच्या हातात नव्हतं, ते वजन आणि उंचीने ठरवलं. तुम्ही आयुष्यभर लोखंड पडू नये म्हणून धडपडलात, त्याला सरळ उभं केलंत, म्हणून मला वाटतं की हे शिल्प माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. फोटो परत एकदा बघा आणि कुठला गर्डर आपटून वाकलाय आणि कुठला आधीपासूनच वाकलेला होता ते मला कळवा, मला ते ओळखता आलं नाही.

सासूबाई 74 वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण झाडांचं भयंकर वेड. मुलगा साओ पावलोला आहे म्हणून जाणारच आहोत. एका दिवसात होईल का? - ठाणे

एका दिवसात सगळं नाही होणार आणि करूही नका. दोन दिवस ठेवा. लांबच्या गॅलऱ्यांपर्यंत बॅटरीच्या गाड्या आहेत, त्यांचे पैसे वेगळे पडतात पण सासूबाईंसाठी ते नक्की घ्या, चढ आहेत. बसायला मात्र जागोजागी मस्त सोय, उगो फ्रान्सा नावाच्या डिझायनरने मेलेल्या झाडांच्या अख्ख्या बुंध्यांतून बाकं केलीत, एकेक बाक एवढं मोठं की चार-पाच जण ऐसपैस बसतील. त्यातली काही बाकं तांबोरील नावाच्या अवाढव्य झाडाखाली आहेत. आपल्या शिरीषाच्या कुळातलं झाड ते, शेंग माणसाच्या कानासारखी गोल वळलेली. सासूबाईंना तिथे अर्धा तास बसू द्या आणि तेवढ्यात तुम्ही टेकडीवरचं बघून या.

बाग आठवड्याच्या सुरुवातीला बंद असते, त्यामुळे वार वेबसाइटवर बघूनच बेलो ओरिझोन्तेची तिकिटं काढा. मे ते सप्टेंबर कोरडा काळ. ऑक्टोबर ते मार्च पाऊस, तेव्हा हिरवंगार असतं पण त्या लाल चिखलात गुडघेदुखीवाल्यांना नाही झेपणार.

जेवणाचं पण विचारलंय. शुद्ध शाकाहारी असाल तर तिथल्या राजमा-पावट्यासारख्या दिसणाऱ्या उसळींपासून सावध, बऱ्याचदा त्यात डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. पांव जी केझू नावाचे चीजचे छोटे गोल पाव जागोजागी मिळतात, त्यात अंडं असतं. ते ज्या पिठाचे करतात ते कसाव्याचं पीठ, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद, आणि तो मूळचा तिकडचाच.

पिवळ्या तापाची लस खरंच लागते का की एजंट घाबरवतोय? - नाशिक

लागते. ब्राझील पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे आणि तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर इथे विमानतळावरून थेट क्वारंटाइनमध्ये नेतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, एकदा घेतली की जन्मभर चालते. वय 60 च्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, हे वरच्या ठाण्याच्या ताईंनीही वाचावं. व्हिसा आधी काढावा लागतो ते वेगळंच.

तुम्ही शिल्पांबद्दल भरभरून लिहिलंत पण झाडांवर चारच ओळी. आम्हा गोंयकारांना झाडं सांगा. - फोंडा, गोवा

दादा, चूक मान्य. आणि फोंड्याच्या माणसाला तर हे पहिलं सांगायला हवं होतं की तिथे फिरताना आपण परक्या देशात आहोत असं निम्म्या वेळा वाटतच नाही. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी 16 व्या शतकात गोव्यात आणला, आणि काजू हा शब्दसुद्धा तिकडच्या तुपी लोकांचा, अननसही तसाच, फळही त्यांचं आणि नावही त्यांचं. बोगनवेल तिकडची. उलट त्यांच्या बाजारात फणस दिसतो त्याला ते 'जाका' म्हणतात, तो मल्याळी 'चक्का', पोर्तुगीजांच्याच जहाजातून गेलेला. आपल्या परसातलं अर्धं त्यांचं आणि त्यांच्या परसातलं आपलं, हे पुस्तकात वाचलेलं असतं पण रस्त्याच्या कडेला बघितल्यावर अंगावर काटा येतो.

बागेचं वैशिष्ट्य म्हणाल तर ताड-माडांचा प्रचंड संग्रह आणि अळूच्या कुळातली झाडं. अळूचं पान म्हणजे आपल्याला फदफद्यापुरतं माहिती, तिथे त्या कुळातल्या वेली झाडांवर चढून पानं सुपाएवढी झालेली. त्याच कुळातलं टायटन आरम, सुमात्राचं, सडक्या मांसासारखा वास येणारं जगप्रसिद्ध भलंमोठं फूल, तेही इन्योतिममध्ये फुललेलं आहे. आता गंमत बघा, हे ज्या गणातलं त्याच गणात आपला सुरण येतो आणि पहिल्या पावसात कोकणात बाजारात येतात ती शेवळंपण. म्हणजे आजी ज्याची भाजी काकडं घालून करायची त्याच्या चुलतभावाला बघायला तिथे रांगा.

आणि एक, वांडा ऑर्किडची तिथे वेगळी बाग आहे, वांदारियो म्हणतात, लाकडी चौकटींना टांगलेली झाडं आणि जांभळी-निळी फुलं, मुळं हवेत लोंबतात, सकाळी पाणी मारलं की ती पांढरट मुळं बघता बघता हिरवी होतात, मी समोर उभं राहून बघितलंय. वांडा हे नाव संस्कृत 'वन्दा'वरून घेतलंय, दुसऱ्या झाडावर वाढणारं झाड या अर्थाने, आपण बांडगूळ म्हणतो ना ते. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी दिलेलं हे नाव त्यांच्या मृत्यूनंतर 1795 मध्ये छापून आलं. पाटीवर ते वाचताना मला किती बरं वाटलं काय सांगू.

मुलगी 9 वर्षांची आहे, शिल्पं म्हटलं की कंटाळते. - पुणे

नाही कंटाळणार. तीन जुन्या फोक्सवॅगन बीटल गाड्या आहेत, लाल, पिवळी, निळी, आणि जार्बास लोपेस या कलाकाराने त्यांचे दरवाजे-बॉनेट एकमेकींत अदलाबदल केलेत, नावच 'अदलाबदल'. तिला विचारा कुठल्या गाडीचं काय कुठे गेलंय. मग जपानी कलाकार यायोई कुसामांचे स्टीलचे 500 चकचकीत गोळे एका इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्यात तरंगतायत, वारा आला की एका कोपऱ्यात गोळा होतात, हलका टण टण आवाज येतो, आणि प्रत्येक गोळ्यात आकाश आणि तुम्ही. हेच काम कुसामांनी 1966 मध्ये व्हेनिसला बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या बाहेर स्वतः उभं राहून मांडलं होतं, प्लास्टिकच्या 1500 आरसेदार गोळ्यांचं, आणि गोळा दोन डॉलरला विकायला काढला तेव्हा आयोजकांनी थांबवलं. हे मुलीला नक्की सांगा, मुलांना असल्या गोष्टी आवडतात.

2019 मध्ये त्याच गावात धरण फुटून माणसं गेली ना? तिथे शिल्पं बघत फिरायला जाणं मनाला पटत नाही. - कोल्हापूर

हो, तेच गाव. 25 जानेवारी 2019, लोहखनिजाच्या खाणीतला गाळ अडवणारा बांध फुटला आणि 270 माणसं त्या चिखलात गेली, दुपारच्या जेवणाची वेळ होती, खाणीची कँटीनच बांधाच्या खालच्या अंगाला होती. गाळ बागेपर्यंत आला नाही. पण बागेत काम करणारी माणसं आजूबाजूच्या गावांतलीच, कित्येकांचे नातेवाईक गेले, बाग काही दिवस बंद ठेवली होती. गावात आता त्यांचं स्मारक आहे. मला विचाराल तर जावं. त्या भागात खाणीशिवाय रोजगाराचं दुसरं मोठं ठिकाण ही बाग आहे, माणसं यायची थांबली तर माळ्यांच्या आणि गाइडच्या घरी अजून एक संकट. पण माहीत असून जावं, आणि स्मारकावर आधी जावं.

आणि गेलात तर टेकडीवरच्या त्या काचेच्या गोल खोलीत थोडा वेळ बसा. डग एटकेन यांचं 2009 मधलं काम. आत काही नाही. जमिनीत मधोमध एक भोक, ते खाली साधारण 200 मीटर गेलंय आणि खोलवर माइक सोडलेत, खालचा आवाज त्याच क्षणी खोलीत ऐकू येतो. कधी लांबून मालगाडी गेल्यासारखी घरघर, कधी दगड दगडावर सरकल्यासारखं कुरकुर, मग बराच वेळ नुसता दाब, जो कानापेक्षा छातीत जाणवतो. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून जमिनीवर बसले होते, सबंध वेळ डोळे मिटून. ते कुठले, कोण, मी विचारलं नाही. बाहेर डोंगर दिसत होते.

ब्राझील आम्हाला जमणारं नाही. इथे जवळ असं काही? - लालबाग

अहो तुमच्यापासून चालत जायच्या अंतरावर राणीबाग आहे! मुंबईतली जुनी बोटॅनिकल बाग तीच, आणि आजची शिल्पं नसली तरी एक असं शिल्प आहे जे मी आता इन्योतिमच्या गर्डरनंतर वेगळ्या नजरेने बघते. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेरचा दगडी हत्ती. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून पडलं तोच. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलायला गेले, साखळी तुटली, हत्ती पडून तुकडे झाले, ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि 1914 मध्ये जोडून परत उभा केला. जवळ जाऊन बघा, सांधे हाताला लागतील एवढे स्पष्ट दिसतात. बुधवारी जाऊ नका, बंद असतं.