शुगरसारखी प्रोटीनची पट्टी घरात का नाही?

प्रश्न: आईला १२ वर्षं शुगर आहे. बोट टोचून थेंब पट्टीला लावला की काही सेकंदात आकडा येतो. पण किडनीसाठी लघवीतलं प्रोटीन बघायचं तर दरवेळी लॅब गाठावी लागते. प्रिंट केलेल्या सेन्सरबद्दल वाचलं, मग तसं काही घरी का नाही मिळत?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आईंची शुगरची पट्टी हाच मुळात प्रिंट केलेला सेन्सर आहे. टीशर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करतात ना, तशीच जाळीतून कार्बनची शाई दाबून प्लास्टिकवर इलेक्ट्रोड छापतात आणि वर एन्झाइम घालतात, १९८७ पासून अशा पट्ट्या बाजारात आहेत. म्हणजे छापायचं तंत्र केव्हाच हाताशी आलंय, घोडं अडतं ते प्रोटीनपाशी.

ग्लुकोजचं कसं, एन्झाइम त्याच्यातले इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि पुढच्या रेणूला मोकळं होतं, त्यामुळे करंट चांगला मोजण्याइतका मिळतो, शिवाय रक्तात ग्लुकोज भरपूर असतं. प्रोटीनला मात्र अँटिबॉडी लावून नुसतं पकडता येतं, आणि पकडलं म्हणून करंट येत नाही. मग दुसऱ्या अँटिबॉडीला एन्झाइम जोडून ती वरून चिकटवायची, नाहीतर छापलेल्या ट्रान्झिस्टरने (म्हणजे करंट कमी-जास्त करणाऱ्या इवल्याशा इलेक्ट्रॉनिक स्विचने) प्रोटीनवरचा चार्ज ओळखायचा. हा दुसरा मार्ग मला फार आवडतो, पण रक्तातलं मीठ तो चार्ज १ नॅनोमीटरच्या आतच झाकून टाकतं आणि अँटिबॉडीच मुळी १० नॅनोमीटरच्या आसपास लांब! म्हणून सँपल पातळ करा, धुवा, असली कामं वाढतात, आणि ती घरी बोट टोचून कोण करणार.

त्यात गर्दी. हार्ट अटॅकमध्ये बघतात ते ट्रोपोनिन नावाचं प्रोटीन लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजतात आणि त्याच रक्तात अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं सगळ्यात जास्त असणारं प्रोटीन, लिटरमागे ३५ ते ५० ग्रॅम, म्हणजे साधारण अब्जपट, ते कुठेही चिकटून बसलं की आकडा खोटा. लघवीतलं अल्ब्युमिन त्यामानाने सोपं आहे, घरगुती पट्टी आधी तिथेच रुळेल असं मला मनापासून वाटतं.

तोवर आईंची लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो टेस्ट वर्षातून एकदा नक्की करा, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीची. ३० mg/g च्या खाली असेल तर ठीक. रंग बदलणाऱ्या साध्या पट्टीवर विसंबू नका, सुरुवातीचं थोडं अल्ब्युमिन तिला दिसतच नाही. आणि ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असताना टेस्ट करू नका, आकडा उगाच वाढलेला येतो.