‘एक्सपोर्ट टू एक्सेल’ बटणाने काढलेल्या यादीत मराठी नावं आणि खाते क्रमांक का बिघडतात?

पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधलं बटण दाबलं की सभासदांची यादी एक्सेलमध्ये उघडते, पण नावांच्या जागी भलतीच अक्षरं येतात आणि 16 आकडी खाते क्रमांक ‘1.20ई+15’ असे दिसतात, असं तुम्ही विचारलंय. घाबरू नका, बटणाने डेटा बहुधा बरोबरच दिलाय. घोळ होतोय तो फाईल उघडताना.

बटणावर नाव एक्सेलचं असलं तरी पुष्कळदा बाहेर पडते ती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविराम टाकून लिहिलेला साधा मजकूर. तीच फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा. नावं तिथे नीट दिसली की निदान पक्कं. फाईल युटीएफ-8 या पद्धतीने साठवलेली असते. ही अक्षरं संगणकाच्या आकड्यांत, म्हणजे बाइटमध्ये, लिहायची पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-वेलांटीसुद्धा, तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच. एक्सेल ते बाइट सुटे सुटे, एकेक बाइट म्हणजे एकेक अक्षर समजून वाचतं. म्हणून डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसतोय.

क्रमांकांचं प्रकरण जास्त वाईट आहे. एक्सेल कुठल्याही संख्येचे 15च अंक धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं, आणि सुरुवातीची शून्यं तर खाऊनच टाकतं. नुसतं बघून फाईल बंद केलीत तर ठीक. सेव्ह केलीत की मूळ अंक गेले. मग कॉलम ‘टेक्स्ट’ करून काही उपयोग नाही, बटण दाबून नवी फाईलच काढायची.

तर फाईलवर डबल-क्लिक करायचं नाही. कोरं एक्सेल उघडा, ‘डेटा’ टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि फाईल निवडा. ‘फाईल ओरिजिन’मध्ये 65001 युनिकोड (युटीएफ-8), ‘डेटा टाइप डिटेक्शन’मध्ये ‘डू नॉट डिटेक्ट’, मग ‘लोड’. आता सगळंच मजकूर म्हणून येईल, त्यामुळे रकमेच्या कॉलमची बेरीज शून्य दिसेल. तो एकच कॉलम निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ आणि थेट ‘फिनिश’ दाबा, आकडे जागेवर येतात.

हे दर महिन्याला करत बसण्यापेक्षा सॉफ्टवेअरवाल्याच्या मागे लागा: खरी एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची स्वतःची फाईल द्या, खाते क्रमांकाचा कॉलम टेक्स्ट ठेवा. ‘सुरुवातीला बीओएम (फाईल युटीएफ-8मध्ये आहे हे एक्सेलला सांगणारी खूण) टाकून देतो’ म्हणाला तर नावं सुधारतील, क्रमांक नाही. आणि एक्सेलची जुन्या प्रकारची एक्सएलएस फाईल तर घेऊच नका, तिच्यात एका शीटवर 65,536च ओळी मावतात. 2020 साली इंग्लंडमध्ये कोविडचे 15,841 रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले ते याच मर्यादेपायी. यादी मोठी असेल तर शेवटच्या ओळीचा क्रमांक सॉफ्टवेअरमधल्या सभासदसंख्येशी एकदा ताडून बघा.