लिंकचा दिवा लागलेला असूनही पीसी सर्व्हरपासून का तुटतात?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीच्या गाळ्यात बिलिंगचे दोन पीसी मधूनच सर्व्हरपासून तुटतात, स्विचवरचा (सगळ्या केबल जिथे जोडतात त्या डब्यावरचा) दिवा मात्र चालू असतो, आणि पावसाळ्यात त्रास वाढतो. नेटवाला लाईन ओके म्हणतो. त्याच्या मागे लागू नका. सर्व्हर गाळ्यातच आहे, तिथपर्यंत जायला इंटरनेट लागतच नाही.

दिवा लागला म्हणजे केबल चांगली, हे आधी डोक्यातून काढा. विंडोजच्या अडॅप्टर स्टेटसमध्ये स्पीड बघा. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच : पिन १-२ आणि ३-६. गिगाबिट पोर्ट १०० वर बसला असेल तर बऱ्याचदा ४-५ किंवा ७-८ मधली तार गेलेली असते.

मग दोन्ही पीसींवरून सर्व्हरला सतत पिंग (छोटा निरोप पाठवून उत्तर येतंय का बघणारी कमांड) लावून ठेवा. दोघं एकाच क्षणी तुटले तर स्विच किंवा सर्व्हरची बाजू बघायची, एकटाच तुटला तर त्याची वायर. विंडोजचा साधा पिंग ३२ बाइटचा असतो, त्यात खराब केबलही पास होऊन जाते. पिंगचा साइझ १४७२ बाइट करा, मग खरं कळतं.

स्विच मॅनेज्ड (आतले आकडे आणि सेटिंग बघता येणारा) असेल तर माझा सगळ्यात जास्त भरवसा पोर्टच्या सीआरसी काउंटरवर, म्हणजे खराब होऊन आलेल्या डेटाच्या मोजणीवर. आकडा लिहून ठेवा, तासाभराने परत बघा. नुसत्या मोठ्या आकड्याला अर्थ नाही, तो चढतोय का ते बघायचं. चढत असेल तर आधी पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी केबल) बदला, मग पोर्ट. एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. आणि स्पीड-डुप्लेक्स दोन्हीकडे ऑटोच ठेवा. डुप्लेक्स म्हणजे डेटा दोन्ही दिशांनी एकाच वेळी जातो (फुल) की आळीपाळीने (हाफ). एकीकडे हाताने फुल लावलं की ऑटोवाली बाजू हाफवर जाते आणि लोड आला की सगळं रखडतं.

आता पावसाचं. खिडकीजवळचा जॅक (केबल लावायचं सॉकेट) उघडून टॉर्चने पिना बघा. हिरवट थर दिसला तर जॅक बदलाच, पुसून भागत नाही. केबलचं टोक कापून तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर आहे, क्रिंप करताना (टोकाला प्लग दाबून बसवताना) सहज तुटते. आणि भिंतीबाहेरून गेलेल्या वायरीत पाणी शिरलं असेल तर जोड मारत बसू नका. शुद्ध तांब्याची आउटडोअर केबल अखंड टाकून घ्या, १०० मीटरच्या आत.