अण्णा, गुरुजी, रमाई

चि. सई,

काल आजीचा फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आई, आजी पुस्तकातल्या माणसांना अण्णा, गुरुजी, रमाई असं का म्हणते? ते आपले नातेवाईक आहेत का?" मी 'झोप आता' म्हणाले खरी, पण मग मलाच झोप लागेना.

नाही गं, नातेवाईक नाहीत. पण आजीचं माहेर दापोलीचं आणि ही माणसंही त्याच तालुक्यातली. शिवाय इथे तू शेजारच्यांना नावानं हाक मारतेस, तसं आपल्याकडे मोठ्यांना नुसत्या नावानं कुणी हाक मारत नाही. हाकेत नातं लागतं, नाहीतर मान लागतो.

टिळकांचं मात्र उलटंच झालं. चिखलगावच्या या घराण्यात १८५६ साली जन्मलेल्या मुलाचं नाव ठेवलं केशव, घरात म्हणत बाळ. पुढे देशानं लोकमान्य म्हटलं, तरी नावातलं 'बाळ' गेलं नाही.

अण्णा म्हणजे धोंडो केशव कर्वे, मुरुडचे. परीक्षा द्यायला पोरवयात ते सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले. तिथे साहेब म्हणाले, तू लहान दिसतोस, आणि परत पाठवलं. मला त्यांची ही पायपीट फार जवळची वाटते, कारण जन्मभर ते तसेच चालत राहिले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. म्हणजे त्यांच्या घरी जायचं नाही, त्यांच्याबरोबर जेवायचं नाही. तीन वर्षांत त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ. ज्या मुलींना घरातच कुणी विचारत नव्हतं, त्यांच्यासाठी ते घरातलं मोठं माणूस झाले. शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं, तरी आजीच्या तोंडी ते अण्णाच.

गुरुजी म्हणजे पालगडचे साने गुरुजी. अमळनेरला शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांची आजारपणं काढायचे. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं, आणि ते खुलं झालं.

आता रमाई. आजी हे नाव घेताना जरा थांबते, तू ऐकलं असशील. रमाबाईंचा जन्म वणंदचा. वडील दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर गेले. कोवळ्या वयात त्यांचं लग्न भीमराव आंबेडकरांशी झालं. पलीकडच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे भीमरावांचं मूळ गाव. भीमराव न्यूयॉर्कला, लंडनला शिकत होते तेव्हा इकडे मुंबईत रमाबाईंनी शेण्या थापून, विकून घर चालवलं. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. सई, भाषणांमुळे किंवा संस्थांमुळे त्या ओळखल्या जात नाहीत. तरी लाखो माणसं त्यांना आई म्हणतात. रमा आणि आई, मिळून रमाई. १९३५ साली त्या गेल्या.

बाबासाहेब त्यांना रामू म्हणत. पुढे त्यांनी आपला एक ग्रंथ त्यांना अर्पण केला, तेव्हा अर्पणपत्रिकेतही तेच घरातलं नाव लिहिलं.

मे महिन्यात गावी जाऊ तेव्हा आजीला घेऊन वणंदला जाऊ. तिथे तूही रमाईच म्हण.

तुझी,
आई