डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये जीटीएक्स १६६० चालेल का? दुकानदार म्हणतो स्लॉट सेम आहे, बसेल

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड ऑफिसचा ७०१० घेतलाय, आय५-३४७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जुना व्हीजीए मॉनिटर, आणि जीटीए ५ खेळायचंय प्लस भावाचं लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग त्याच्यावरच चालतं. सरळ उत्तर: आहे त्या मशीनमध्ये १६६० हे ग्राफिक्स कार्ड नाही चालणार. दुकानदार खोटं बोलत नाहीये हां, स्लॉट खरंच सेम आहे, पीसीआय एक्सप्रेस एक्स१६, त्यात दहा वर्षांपूर्वीचं कार्डपण बसतं आणि कालचंपण. पण जुन्या ब्रँडेड पीसीमध्ये घोडं स्लॉटपाशी अडतच नाही, अडतं ते कॅबिनेट आणि एसएमपीएसपाशी (म्हणजे पीसीला वीज देणारा पॉवर सप्लायचा डबा), आणि नेमकं तेच काउंटरवर कोणी विचारत नाही.

आधी एक सांगा, तुमचा ७०१० कुठला? कारण डेलने याच नावाखाली चार साइझची मशीन विकली. उभा मोठा टॉवर (एमटी) त्यात २७५ वॉटचा एसएमपीएस, आडवा डेस्कटॉप (डीटी) त्यात २५०, त्याहून बारका एसएफएफ त्यात २४०, आणि सगळ्यात छोटा यूएसएफएफ २०० वॉटचा, ज्यात ग्राफिक्स कार्डचा स्लॉटच नाही, तो असेल तर विषय संपला, विकून टाका. आपल्याकडे कंपन्यांतून निघालेला जो लॉट येतो त्यात एसएफएफच जास्त दिसतात, त्यामुळे माझा अंदाज तुमचापण तोच असेल. एसएफएफमध्ये फक्त लो प्रोफाइल कार्ड जातं. म्हणजे मागची पत्र्याची पट्टी ८ सेंटीमीटरच्या आसपास, नॉर्मल कार्डाची १२ असते. १६६० आणून लावायला जाल तर कार्ड स्लॉटमध्ये बसेलही पण झाकण लागणार नाही, आणि झाकण काढून ठेवून वापरणारे लोकही मी बघितलेत पण घरात लहान मुलं असतील तर नको ते उद्योग.

आता एसएमपीएस. कॅबिनेट उघडा, एसएमपीएसच्या अंगावरचं स्टिकर वाचा आणि त्यातून किती आणि कुठल्या वायरी निघतात ते बघा. मदरबोर्डला जाणारी, प्रोसेसरजवळ जाणारी चार पिनी, हार्डडिस्क आणि डीव्हीडीला जाणाऱ्या साटा, बास. ग्राफिक्स कार्डला लागणारी ६ पिनी किंवा ८ पिनी वायर त्यात नाहीच. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, त्याच्या वर जे लागेल ते त्या वेगळ्या वायरीतून घ्यायचं असतं. १६६० ला १२० वॉट लागतात, ती ८ पिनी मागते. मग दुकानात लगेच कन्व्हर्टर पुढे करतात, साटाची ६ पिन किंवा ८ पिन करणारा, कृपया तो घेऊ नका. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळं मिळून ५४ वॉट, आणि ६ पिनी कनेक्टर ७५ वॉटसाठी असतो, ८ पिनी तर १५०. एक-दोन महिने चालतंसुद्धा, मग एखाद्या दिवशी प्लास्टिक पिवळं पडून वितळायला लागतं आणि वास येतो.

टॉवर असेल तर मात्र चित्र वेगळं. ७०१० च्या टॉवरमध्ये साधा एटीएक्स एसएमपीएस बसतो, मदरबोर्डचं कनेक्टर नेहमीचं २४ पिनीच आहे. (पुढच्या ७०२० आणि ९०२० पासून डेलने स्वतःचं ८ पिनी कनेक्टर आणलं, तिथे कन्व्हर्टर केबल लागते, म्हणून नेटवर ९०२० वाल्यांचे व्हिडिओ बघून गोंधळू नका.) चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा घातला की १६६० आरामात चालेल. चांगल्या कंपनीचा म्हणतोय कारण बाजारात पाच-सहाशे रुपयांत "४५० वॉट" लिहिलेले डबे मिळतात, त्यांच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १४-१५ अँपिअर असेल तर तो कार्डाच्या कामाचा १८० वॉटचाच, बाकी आकडा शोभेचा.

एसएफएफ धरून चालू. तुमचा प्रोसेसर ७७ वॉटचा, कार्ड ७५ चं, बोर्ड रॅम डिस्क पंखे मिळून अजून ३०-४०, म्हणजे २४० मध्ये बसतं, पण ७५ च्या वर काहीच नको. त्यात मी जीटीएक्स १६५० लो प्रोफाइल सुचवेन, ४ जीबीवालं. पण घेताना कार्डाची वरची कड बघा, कारण १६५० नावाच्याच काही मॉडेलांना कंपनीने ओव्हरक्लॉक करून (म्हणजे वेग वाढवून) ६ पिनी लावलेली असते, ती तुम्हाला उपयोगाची नाही. ही कार्डं दोन स्लॉटची जाडी घेतात, तेव्हा एक्स१६ च्या शेजारी किती जागा मोकळी आहे ते पट्टी लावून मोजा, एसएमपीएसला टेकत असेल तर पंखा घासतो. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं २०२४ मध्ये आलेलं ७० वॉटचंपण छान आहे, लो प्रोफाइलमध्ये मिळालं तर, पण एवढ्या जुन्या मशीनवर एवढे पैसे घालावेत का हा तुमचा प्रश्न.

कोणीतरी आरएक्स ६४०० सुचवेल, ५३ वॉट, बारीक, एका स्लॉटचं, कागदावर तुमच्यासाठीच बनवल्यासारखं. तुम्हाला मी ते नाही सुचवणार. ते डेटा जायच्या फक्त चार वाटांवर (लेन) चालतं आणि चौथ्या पिढीचा स्लॉट धरून बनवलंय, तुमचा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे डेटा जायला निम्मीच वाट मिळते. आणि त्यात व्हिडिओ एन्कोडरच (व्हिडिओ एक्सपोर्ट करणारा भाग) नाही, म्हणजे भावाने लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ एक्सपोर्टला टाकला की सगळा भार बिचाऱ्या आय५ वर. जीटी ७१० च्या तर नादालाच लागू नका, ते डिस्प्ले दिसावा म्हणून असतं, गेमसाठी नाही, त्याचे नवे गेम ड्रायव्हरपण २०२१ लाच थांबलेत.

मॉनिटरचं विसरू नका. ७०१० ला मागे एक व्हीजीए आणि दोन डिस्प्लेपोर्ट आहेत, तुमची वायर त्या व्हीजीएमध्ये असेल. कार्ड लावल्यावर मॉनिटर कार्डालाच जोडायचा, नाहीतर स्क्रीन काळी राहते आणि लोक कार्ड खराब म्हणून परत घेऊन जातात. आणि १६५० ला व्हीजीए नसतंच, तेव्हा एचडीएमआय टू व्हीजीए अ‍ॅडॉप्टर घ्या, आत चिप असलेला. नुसती वायर मिळते ती नको, ती डिजिटलचं अ‍ॅनालॉग करत नाही. कार्ड लावायच्या आधी बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) डेलच्या साइटवरून अपडेट करा, नंतर नाही, कारण नंतर स्क्रीनच आली नाही तर अपडेट कशावर करणार.

जीटीए ५ ची काळजी नको. गंमत म्हणजे पीसीवर २०१५ ला आलेल्या मूळ गेमच्या रेकमेंडेड लिस्टमध्ये तुमचाच आय५-३४७० लिहिलेला आहे, सोबत जीटीएक्स ६६०. नव्या गेमचं मात्र विचारू नका, या प्रोसेसरला एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच) नाही, ते पुढच्या पिढीत आलं, आणि काही नवीन गेम त्याच्याशिवाय चालूच होत नाहीत, कार्ड कितीही भारी असो. रॅम अजून ८ जीबी टाका, एडिटिंगला कार्डापेक्षा त्याचाच फरक जास्त जाणवेल.

सेकंडहँड घेत असाल (मुंबईत लॅमिंग्टन रोडला वगैरे बरंच मिळतं) तर दुकानातच लावून जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. जुनी ५५० टीआय सारखी कार्डं बायोस बदलून १०५० टीआय म्हणून खपवतात, जीपीयू-झेड अशांच्या नावापुढे फेक असं दाखवतं. खरं १०५० टीआयसुद्धा आता मी फक्त फारच स्वस्त मिळालं तर घेईन, कारण त्याचे नवे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेत, सिक्युरिटी अपडेट तेवढे २०२८ पर्यंत येतील. ड्रायव्हर बंद झालेल्या कार्डांच्या त्या यादीत १६५० नाही.

कॅबिनेट उघडून एसएमपीएसच्या स्टिकरचा आणि स्लॉटच्या जागेचा फोटो इथे टाका, मग नेमकं मॉडेल सांगतो.