बोक्याला रोज बांगडाच हवा

घरची जनावरे : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : डॉक्टरबाई, आमचा बोका बाळू सहा वर्षांचा आहे, वजन साडेसहा किलो. लहानपणापासून त्याला बांगडाच लागतो. सकाळ-संध्याकाळ उकडलेला बांगडा आणि दोन घास भात. कधीतरी तारले चालतात, चिकन हुंगून मागे फिरतो. गेल्या जूनमध्ये नुस्ते, म्हणजे मासळी, बंद झाले आणि पठ्ठ्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. शेवटी भावाने म्हापशाहून बर्फातले बांगडे आणून दिले. पुण्यातली मुलगी सांगते, एक चांगले पाकिटाचे खाणे धर आणि ते जन्मभर बदलू नकोस, बदलले की पोट बिघडते. शेजारीण म्हणते, तुम्हाला रोज तेच ते जेवायला आवडेल का? रोज वेगळे घाला. आणि सासूबाई म्हणतात, एवढे कौतुक कशाला, आमची मांजरे माशाच्या हुमण-भातावर वाढली. मी कोणाचे ऐकू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आधी त्या दोन दिवसांबद्दल बोलते. कोणाचे ऐकायचे ते नंतर बघू.

‘भूक लागली की झक मारत खाईल’ हा हिशेब कुत्र्याला चालतो, मांजराला नाही. त्यातून मांजर लठ्ठ असेल तर मुळीच नाही. त्याचे खाणे तुटले की अंगावरची चरबी यकृताकडे धावते. एवढी चरबी पचवणे मांजराच्या यकृताला जमत नाही, ती तिथेच साठत जाते. मग कानांच्या आतली कातडी आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागतात, आणि आता समोर ताजा बांगडा धरला तरी मांजर तोंड फिरवते. नळीने खाणे घालून, आठवडेच्या आठवडे खपून अशी मांजरे वाचवावी लागतात. सगळीच वाचत नाहीत. भावाने बर्फातले बांगडे आणले ते बरेच केले म्हणायचे. यापुढे बाळूने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आता सासूबाई. त्या खोटे बोलत नाहीत. माझे बालपण म्हार्दोळचे. आमच्याही घरी मागच्या दारी मांजराला हुमणातला भात आणि माशाची डोकी पडायची. पण ती मांजरे रात्री काय करत होती ते कोणी पाहत नव्हते. भाताच्या कणगीमागचे उंदीर, माडाच्या बुंध्यातल्या पाली, सरडे, क्वचित एखादी चिमणी. उंदीर म्हणजे मांजराचे पूर्ण ताट. हाडांतून चुना, काळजा-यकृतातून जीवनसत्त्वे, आणि अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी. आपला भात हे त्यांचे वरचे खाणे होते, मुख्य जेवण ती स्वतः कमवत होती. शिवाय त्यातली किती पाच वर्षे जगली याची वही कोणी ठेवली नव्हती. एक दिसेनाशी झाली की दुसरी असायची. तुमचा बाळू घरात राहतो, त्याला उंदीर दिसला तर तोच घाबरेल.

म्हणून बाळूच्या पोटात गेली सहा वर्षे जे गेले ते म्हणजे काटे काढलेला बांगडा आणि भात, बस्स. बांगडा वाईट नाही. पण निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, कारण कॅल्शियम हाडांत, आणि हाडे आपण टाकून देतो. वाढत्या पिल्लाला असेच नुसते मांस घातले तर हाडे इतकी ठिसूळ होतात की सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडतो. दुसरे, बांगडा-तारले तेलकट. रोज तेच घातले तर त्या तेलापायी शरीरातले ई जीवनसत्त्व संपते आणि कातडीखालची चरबी सुजते. फोंड्याला माझ्याकडे एका पावसाळ्यात अशी एक मांजरी आणली होती, नुसत्या तारल्यांवर वाढलेली. घरच्यांची तक्रार एवढीच की हल्ली ही रागीट झाली, उचलायला गेले की चावते. मी पोटाखाली हात घातला तर चरबी मऊ लागेना, वाळवलेल्या मिठासारखी घट्ट, गुठळ्यांची. ती ओरडली ते रागाने नव्हे. बिचारीला स्पर्श सोसत नव्हता.

तुम्ही बांगडा उकडून घालता हे चांगले करता. काही मासे कच्चे असताना त्यांच्यात बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारे द्रव्य असते, ते शिजवल्यावर निकामी होते. रोज कच्चेच मासे खाणाऱ्या मांजराची मान पुढे झुकते, चाल डुलते, पुढे झटके येतात. पण उकडलेले पाणी तुम्ही मोरीत ओतत असाल तर ते करू नका. मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना लागणारे टॉरिन नावाचे द्रव्य त्या पाण्यात उतरते. मीठ न घालता, थोड्याच पाण्यात उकडा आणि ते पाणी कोमट करून त्यालाच पाजा.

म्हणजे एकाच पदार्थाचा हट्ट वाईट. मग शेजारीण बरोबर का? अर्धी बरोबर. मांजरालाही तेच ते खाऊन कंटाळा येतो, नवी चव पुढे आली की काही दिवस ते तिच्याकडेच वळते. पण तिच्या ‘रोज वेगळे’मध्ये मला भीती वाटते ती ही की सोमवारी पेज, मंगळवारी चिकनचा तुकडा, बुधवारी अंडे, गुरुवारी दूध-पाव असा कार्यक्रम सुरू होईल. सात अपुरे पदार्थ आलटून पालटून घातले म्हणून आठवड्याच्या शेवटी पूर्ण जेवण होत नाही. चिकनमध्ये जे कमी तेच बहुतेकांत कमी, भाताने फक्त पोट भरते. वर रोज नवा मासा, नवे मांस चाखवत गेले तर आणखी एक अडचण येते. उद्या खाज सुटली, उलट्या लागल्या आणि अन्नाची ॲलर्जी असल्याचा संशय आला, तर आम्हाला त्याने आजवर न चाखलेले मांस घालून सहा-आठ आठवडे बघावे लागते. त्याने सगळेच चाखले असेल तर आम्ही काय घालायचे? एक-दोन मांसे मुद्दाम राखून ठेवावीत. बदक, ससा असले काही त्याला शिकवूच नका.

आणि लेक? तिचे ‘पूर्ण खाणे घाल’ हे मी शंभर टक्के मानते. पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असे लिहिलेले असावे. काही पाकिटे नुसत्या खाऊची असतात, ती दिसायला सारखीच, म्हणून चष्मा लावून वाचा. पण ‘जन्मभर एकच’ हे मला पटत नाही. याचे कारण थोडे जुने आहे. १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मांजरांचे हृदय फुगून निकामी होण्याचा एक आजार टॉरिनच्या कमतरतेने होतो. टॉरिन दिले की हृदय सुधारत होते. ती मांजरे उकिरड्यावरची नव्हती, नामांकित पाकिटांचे खाणे खाणारी होती. त्या खाण्यात टॉरिन पुरेसे नाही हे तोवर कोणालाच कळले नव्हते. त्यानंतर कंपन्यांनी ते वाढवले. आजचे खाणे तेव्हापेक्षा फार बरे आहे, तरी एकाच कारखान्याच्या एकाच पाककृतीवर पंधरा वर्षे बेतायची म्हटली की मला ती मांजरे आठवतात. दोन-तीन पूर्ण खाणी आलटून पालटून असली की एकातली उणीव दुसरे झाकते.

दुसरे कारण माझ्याच घरचे, सांगायला लाज वाटते. माझी मनी मी एकाच कोरड्या खाण्यावर वाढवली. दवाखान्यातून दमून यायचे, डबा उघडायचा, वाटी भरायची, सोपे काम. नवव्या वर्षी तिची मूत्रपिंडे थकली आणि तिला ओले, खास खाणे द्यायची वेळ आली. ओले काही खायचे असते हे तिला माहीतच नव्हते. वाटीभोवती ती मागच्या पायाने फरशी खरवडायची, जणू घाण पुरते आहे. दीड महिना माझ्या बोटावरून चाटवत शिकवले. लोकांना मी वीस वर्षे सांगत आले होते की पिल्लू असतानाच कोरडे, ओले, रस्सेदार, चिकनचे, माशाचे, सगळे थोडे थोडे चाखवा, नंतर मांजर नव्याला बिचकते. घरी मात्र विसरले.

आता बाळूचे काय करायचे ते. हा अंक हातात पडेल तेव्हा मे लागलेला असेल. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर बंद, पुढे श्रावण, मध्ये सोमवार. गोव्यातल्या मांजराला खाण्यात बदल करावाच लागतो, तो बंदीच्या पहिल्या दिवशी उपाशी ठेवून करायचा की आजपासून, एवढेच आपल्या हाती. आजपासूनच करा.

माशाच्या चवीचे, पूर्ण असे एक ओले पाकीट आणा. सुरुवातीला बांगड्यात कालवू नका. हट्टी मांजराला संशय आला तर ते बांगडाही सोडते. शेजारी दुसऱ्या बशीत चमचाभर ठेवा, कोमट करून. ताज्या मारलेल्या उंदराइतके गरम म्हटले तर किळस येईल, पण मांजराला तोच वास हवा असतो. चार-पाच दिवस नुसते हुंगले तरी चालेल. चाटू लागला की वर उकडलेल्या पाण्याचे चार थेंब, मग बांगडा तीन भाग आणि नवे एक भाग, पोट ठीक राहिले की निम्मे-निम्मे, असे सरकत जा. एरवी आठ-दहा दिवसांत हे होते, बाळूला महिना द्या. शौचाला पातळ झाले तर एक पायरी मागे या. खाणे अर्ध्या तासाने उचला, दिवसभर समोर ठेवू नका.

नुसत्या कोरड्यावर त्याला नेऊ नका. कोरड्या खाण्यात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी, ओल्यात पाऊणशे ते ऐंशी. मांजर वाळवंटातल्या पूर्वजांचा वारसा घेऊन आलेले, तहान त्याला कमीच. आणि बोक्यांची लघवीची नळी अरुंद. तो वाळूत वारंवार बसतोय आणि काही होत नाही असे दिसले तर ती रात्रसुद्धा काढू नका, तसेच घेऊन निघा.

महिनाभराने दोन ओली आणि एक कोरडे अशी तीन खाणी त्याला ओळखीची झाली की पुष्कळ झाले. पाकीट संपले की दुसरे आणा, रोज बदलायची गरज नाही. बांगडा बंद करू नका, तेवढी मी निर्दय नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, अंगठ्याच्या दोन पेरांएवढा तुकडा. वरचे खाणे एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शात बसवायचे असते. भात बंद केला तरी त्याचे काही बिघडत नाही.

वजन आत्ताच उतरवायला जाऊ नका. आधी नवे खाणे, मग कमी खाणे. नंतर आठवड्याला ५० ग्रॅमच्या आसपास उतरले की पुरे. त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा आणि त्यातून तुमचे वजन वजा करा. जाताजाता त्याचे रक्त एकदा तपासून घ्या, सहा वर्षे नुसत्या बांगड्यावर गेली आहेत.

प्रश्न : आम्ही घरी पूर्ण शिवराक, म्हणजे शाकाहारी. मांजर आपणहून आले आणि राहिले. दूधभात, ताक, कधी शिरा आवडीने खाते. चालेल का?
— एक वाचक, माशेल

उत्तर : तुमचे घर शिवराक असू द्या, मांजराचे होणार नाही. टॉरिन, अ जीवनसत्त्वाचा तयार प्रकार, काही स्निग्धाम्ले त्याला मांसातूनच घ्यावी लागतात. गाजरातून अ जीवनसत्त्व बनवायची आपली युक्ती त्याला येत नाही. टॉरिन वर्षानुवर्षे कमी पडले तर हृदय जाते, डोळ्यांचा पडदा झिजून आंधळेपण येते. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि शिऱ्यातली साखर त्याला कळतच नाही. गोड ओळखणारा जीन मांजरांत निकामी आहे, हे २००५ मध्ये कळले. ते तूप चाटते. घरात मांस शिजवायचे नसेल तर बंद पाकिटाचे खाणे अंगणात, वेगळ्या वाटीत घाला. कुत्र्याचे खाणे स्वस्त पडते म्हणून ते आणू नका, त्यात मांजराला पुरेसे टॉरिन असेलच असे नाही.

प्रश्न : हुमणातला मासा पाण्याखाली धुऊन मांजराला घातला तर?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : नको. वाटणात कांदा-लसूण असेल तर तो माशात मुरलेला असतो, धुतल्याने जात नाही. कच्चा असो, शिजलेला असो की पूड, कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. लसूण त्याहून घातक. मासा साफ करतानाच, मीठ-हळद लावायच्या आधी, एक तुकडा बाजूला काढून ठेवा.