हृदयावरणाचा दाह : दुखणे थांबले तरी गोळ्या का घ्यायच्या?

प्रश्न : माझ्या ३१ वर्षांच्या मुलाच्या छातीत गेल्या महिन्यात अचानक तीव्र कळा येऊ लागल्या. ईसीजी पाहून हृदयविकाराच्या झटक्याची शंका घेतली गेली; परंतु अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या आढळल्या आणि हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज असल्याचे निदान झाले. गोळ्या सुरू केल्यावर चार दिवसांत दुखणे थांबले, तरीही कोल्चिसिन तीन महिने घ्यायला सांगितले आहे. त्याची खरोखर गरज आहे का? एक नातेवाईक म्हणतात की, स्टेरॉइडने लवकर गुण येतो. शिवाय त्याला व्यायामशाळेत पुन्हा कधी जाता येईल? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलाने तीन महिन्यांचे औषध पूर्ण करावे, असे मी आग्रहाने सांगेन. हृदयाभोवती दोन पदरांचे पातळ आवरण असते आणि त्या पदरांमधल्या थोड्याशा द्रवामुळे हृदयाची हालचाल सुरळीत चालते. या आवरणाला दाह झाला की छातीत दुखू लागते. आडवे झाल्यावर किंवा खोल श्वास घेतल्यावर ते वाढते आणि उठून पुढे वाकून बसल्यावर कमी होते. तरुण व एरवी निरोगी माणसाला हा आजार बहुधा विषाणूच्या संसर्गानंतर होतो, आणि अनेकदा तर नेमके कारण सापडतही नाही.

उपचाराचा पाया दोन औषधांचा आहे. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन बऱ्यापैकी मोठ्या मात्रेत, जठराचे रक्षण करणाऱ्या गोळीसह, एक ते दोन आठवडे देतात आणि मग मात्रा हळूहळू उतरवतात. या औषधाने वेदना लवकर थांबते, पण आवरणातला दाह त्यानंतरही काही काळ धुमसत राहू शकतो. म्हणून गोळ्या कधी कमी करायच्या हे रुग्णाला कसे वाटते एवढ्यावरून न ठरवता रक्तातील सीआरपी या दाह दर्शवणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण पूर्ववत झाले आहे का, हे पाहून ठरवावे लागते. कोल्चिसिनचे काम मुख्यतः आजार उलटू न देण्याचे आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, पहिल्यांदाच हा आजार झालेल्या २४० रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या औषधांबरोबर तीन महिने कोल्चिसिन घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांचा आजार रेंगाळला किंवा उलटला. ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यात हेच प्रमाण जवळजवळ ३८ टक्के होते. एकदा उलटलेला आजार पुन्हा पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते आणि मग उपचार कित्येक महिने लांबतो, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना तीन महिन्यांचा कंटाळा फार वाटणार नाही.

कोल्चिसिनची नेहमीची मात्रा अर्धा मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, आणि वजन ७० किलोपेक्षा कमी असल्यास एकदाच, अशी असते. जुलाब होऊ लागल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना कळवावे. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा घशासाठी, खोकल्यासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले असेल, तर तेही आधी सांगावे, कारण अशा वेळी कोल्चिसिन शरीरात साचून विषारी ठरू शकते. आपल्याकडे पावसाळ्यात रानात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही हेच द्रव्य असते. त्या कंदाचा घरगुती उपाय म्हणून वापर जिवावर बेतू शकतो, तेव्हा कोणी सुचवला तरी तो कदापि करू नये.

स्टेरॉइडने लवकर बरे वाटते, हे खरे आहे. परंतु सुरुवातीलाच स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण अधिक दिसते, म्हणून पहिली औषधे चालत नसतील किंवा अपुरी पडत असतील, अथवा आजाराचे मूळच तसे असेल, तेव्हाच ते कमी मात्रेत देतात. आपल्या मुलाला त्याची गरज दिसत नाही. व्यायामशाळा मात्र वेदना पूर्ण थांबून सीआरपी, ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) पूर्ववत होईपर्यंत बंद ठेवावी. या काळात धाप लागली, चक्कर आली, मानेच्या शिरा फुगल्या किंवा जोराचा ताप आला, तर त्याला लगेच रुग्णालयात न्यावे. आवरणात साचलेल्या पाण्याचा हृदयावर दाब पडत असेल, तर ते सुईने तातडीने काढावे लागते.

प्रश्न : सासूबाईंच्या हृदयाभोवती क्षयामुळे पाणी झाले आहे. क्षयाच्या गोळ्यांबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही दिले आहे. स्टेरॉइडने क्षय बळावतो असे ऐकल्यामुळे आम्हाला भीती वाटते. — एक वाचक, नाशिक

उत्तर : क्षय हे भारतात या आजाराचे महत्त्वाचे कारण आहे आणि त्याचा उपचार वर सांगितल्यापेक्षा वेगळा आहे. पहिले दोन महिने रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड व एथांब्युटॉल ही चार औषधे आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा हा क्रम असून सरकारी केंद्रांतून ती मोफत मिळतात. स्टेरॉइडबद्दलची आपली भीती क्षयावर औषध चालू नसेल तर अगदी रास्त आहे. मात्र या औषधांच्या संरक्षणाखाली ते ठरावीक काळ देता येते. आफ्रिकेतील १४०० रुग्णांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेडनिसोलोनने मृत्यूंचे प्रमाण घटले नाही, पण आवरण आकसून हृदयाला आवळण्याचा धोका कमी झाला. एचआयव्ही असलेल्या रुग्णांमध्ये मात्र काही कर्करोगांचे प्रमाण वाढलेले आढळले, म्हणून ती तपासणी झाली नसेल तर आवर्जून करून घ्यावी. प्रेडनिसोलोन मधेच अचानक बंद करू नये, आणि मधुमेह असल्यास साखर वरचेवर तपासावी.

क्षयाचा उपचार पूर्ण झाल्यावरही काही रुग्णांचे आवरण जाड व ताठर होते आणि मग ते शस्त्रक्रियेने काढावे लागू शकते. याची पहिली खूण बहुधा पायांवरची सूज किंवा पोटात होणारे पाणी ही असते आणि ती पाहून अनेकदा यकृताचाच विकार समजला जातो. सासूबाईंना पुढे कधीही असा त्रास झाला, तर हृदयाभोवतीच्या क्षयाचा पूर्वेतिहास डॉक्टरांना आधी सांगावा आणि इको करून घ्यावा.